फॉर्म भरण्याआधी सहा महिने

पत्र

ताई,

मी बेचाळीस वर्षांची. मूळची साताऱ्याची, दहावी मराठी माध्यमातून, मग पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. २०१४ पासून आम्ही इंग्लंडात, मिल्टन कीन्सला आहोत. आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, मिळून पाच वर्षं झाली. सोळा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलं आणि मार्चमध्ये कंपनीनं आमची अख्खी टीम कमी केली. रिडन्डन्सीचे पैसे वर्षभर पुरतील.

त्याच सुमारास पित्ताशयात पू झाला म्हणून ऑपरेशन झालं आणि तीन रात्री वॉर्डात काढल्या. शेजारच्या खाटेवर ऐंशीच्या घरातल्या एक गुजराती बा होत्या, इंग्रजीचा गंध नाही. रात्री घाबरायच्या. मी हिंदीत समजवायचे, नर्स मला मधे घालून त्यांच्याशी बोलायची. घरी आले ती ॲडल्ट नर्सिंगची डिग्री करायची असं मनात घेऊनच.

नवरा म्हणतो, 'तुझी मर्जी, पण घराचा हप्ता दोन पगारांवर बेतलाय.' मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ. सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या, 'इंजिनिअर होऊन आता लोकांची भांडी उचलणार?' पास होईन तेव्हा सेहेचाळीस वर्षांची असेन. मला कोण घेईल? मला मनापासून रुग्णांची सेवा करायची आहे. करू का?

– चाळिशीपार

उत्तर

ताई म्हणालीस, तेव्हा एकेरीवरच येते.

कर किंवा नको करू, हे मी आत्ता सांगणार नाही. आधी एक काम सांगते, आणि ते फॉर्म भरण्याच्या आधीचं आहे. जवळच्या हॉस्पिटलच्या 'बँक'मध्ये, म्हणजे गरजेप्रमाणे शिफ्टला बोलावतात त्या माणसांच्या यादीत, हेल्थकेअर असिस्टंट (नर्सच्या हाताखालची मदतनीस) म्हणून नाव नोंदव आणि सहा महिने शिफ्टा कर. आठवड्याला दोन. त्यातली निदान एक रात्रीची. मग मला परत लिही.

एवढ्यावर थांबले तर उत्तर टाळल्यासारखं होईल, म्हणून सविस्तर लिहिते. मीही याच वाटेनं आलेय. नाशिकला बँकेत काउंटरवर होते, इकडे येऊन शाळेच्या ऑफिसात लागले आणि २०१८ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, नर्सिंगच्या पहिल्या वर्गात जाऊन बसले. पहिल्याच दिवशी कळलं की विद्यापीठाच्या लेखी मी 'मॅच्युअर स्टुडंट' आहे. बरं वाटलं. मग शेजारची बावीस वर्षांची पोरगी म्हणाली, 'मीपण.' इथे एकवीस ओलांडली की सगळेच मॅच्युअर. तेव्हा वयाचा बाऊ तुझ्या मनात जेवढा आहे, तेवढा त्यांच्या कागदावर नाही.

वय आडवं येतं ते दुसरीकडे. डिग्रीला नर्सिंग अँड मिडवाइफरी काउन्सिलच्या नियमाप्रमाणे ४,६०० तास भरावे लागतात. निम्मे अभ्यासाचे, निम्मे प्रत्यक्ष कामाचे. त्या २,३०० तासांपैकी काही हल्ली सिम्युलेशन लॅबमध्ये, म्हणजे खोट्या वॉर्डातल्या सरावात, भरून घेतात, पण बराचसा भाग वॉर्डातच जातो. साडेबारा तासांच्या शिफ्टमधून जेवणाची सुट्टी वजा जाता साधारण साडेअकरा तास धरले जातात. सगळे वॉर्डात धरले तर दोनशे शिफ्टा. बिनपगारी. त्यातल्या काही रात्रीच्या, काही शनिवार-रविवारच्या, आणि एखादी नक्की लक्ष्मीपूजनाच्या दिवशी. प्लेसमेंट, म्हणजे हे प्रत्यक्ष काम, कुठे लागेल ते तू ठरवत नाहीस. घराजवळचं हॉस्पिटल समोर दिसत असताना पहाटे साडेपाचला बेडफर्डची गाडी काढावी लागेल.

म्हणून नवऱ्याशी पैशांवर बोलण्याआधी एका गोष्टीवर बोल. सकाळी सव्वासातला वॉर्डात हँडओव्हर, म्हणजे रात्रपाळीकडून काम समजून घेणं, सुरू होतो आणि शाळेचा ब्रेकफास्ट क्लब उघडतो त्यानंतर. मुलगा आठ वर्षांचा आहे. त्या तासाभरात तो कोणाबरोबर असेल? माझ्या वर्गातून ज्या बायका मधेच सोडून गेल्या, त्यातली एकही अभ्यास झेपला नाही म्हणून गेली नाही. सगळ्या याच एका तासात अडकल्या.

आता 'सेवा'. या शब्दाची मला धास्ती वाटते, कारण मीही तोच घेऊन आले होते. सेवेत एक मोठेपणा असतो. करणारा देतो, घेणारा कृतज्ञ असतो. वॉर्डात कृतज्ञ माणसं असतात, तशी तुझ्या अंगावर चहाचा कप भिरकावणारीही असतात. डिमेन्शियाचा पेशंट तुझा हात पिरगाळतो आणि दहा मिनिटांनी तू त्यालाच भरवत असतेस. सेवेच्या भावनेवर तू पहिले तीन महिने काढशील. पुढे उपयोगी पडते ती निराळी गोष्ट, आणि ती तुझ्याकडे असावी असा मला संशय आहे.

एक उदाहरण देते. सत्तरीचे गृहस्थ, हर्नियाचं ऑपरेशन झालेले. कसं वाटतंय विचारलं तर म्हणाले, 'मस्टन्ट ग्रम्बल', तक्रार करू नये. (इंग्रज म्हातारा असं म्हणतो तेव्हा तो मजेत असेल किंवा मरणाच्या दारात. शब्दांवरून कळत नाही.) मी निरीक्षणं घ्यायला बसले. श्वास मिनिटभर मोजले, बावीस. नाडी ११२. ताप ३८.४ सेल्सिअस. रक्तदाब ठीक, ऑक्सिजन ठीक, माणूस शुद्धीवर, हसतोय. इथे सगळीकडे न्यूज-टू नावाची गुणपद्धत वापरतात. श्वासाचे दोन, नाडीचे दोन, तापाचा एक, एकूण पाच. पाच झाले की डॉक्टरला तातडीनं बोलवायचं. रजिस्ट्रार डॉक्टर आला, रक्त तपासायला गेलं, जंतुसंसर्ग निघाला, तासाभरात अँटिबायोटिक सुरू झालं. त्या दिवशी आधीच्या पाळीच्या तक्त्यात श्वास अठरा लिहिलेले होते. त्याच्याही आधी अठरा. कोणी मोजलेच नव्हते. अंदाजे आकडा टाकला होता.

सोळा वर्षं टेस्टिंग केलेल्या बाईला यात काय दिसतं ते मला सांगायला नको. सगळं हिरवं दिसत असताना ज्याला खुपतं, तो माणूस वॉर्डात सोन्याच्या मोलाचा असतो. फॉर्ममध्ये हे लिही. सेवेबद्दल एक ओळ पुरे. विद्यापीठांचे प्रवेशअर्ज घेणाऱ्या यूकॅसनं २०२६ च्या प्रवेशांपासून पर्सनल स्टेटमेंट, म्हणजे अर्जातलं स्वतःबद्दलचं निवेदन, तीन प्रश्नांत वाटून टाकलंय. हाच विषय का, शिक्षणातून तयारी काय झाली, शिक्षणाबाहेर काय केलं. सगळं मिळून ४,००० अक्षरं. तिसऱ्या प्रश्नाला तुझ्याकडे आज फक्त ती गुजराती बा आहे. सहा महिन्यांनी पन्नास माणसं असतील.

त्या बांबद्दल जाता जाता एक गोष्ट सांगते. नर्सनं शेजारच्या पेशंटला दुभाषी म्हणून वापरायचं नसतं. फोनवर दुभाषा मिळतो, तोच घ्यायचा, कारण उद्या तू चुकीचं भाषांतर केलंस तर जबाबदारी तिची. पण रात्री तीनला चौदा पेशंट एकटीवर असताना ती काय करणार? हाही नर्सिंगचाच भाग आहे. नियम माहीत असतो, कधी तो मोडतोय हेही माहीत असतं, आणि रात्री झोपताना तेच डोक्यात फिरतं.

सासूबाईंचं वाक्य हसण्यावारी नेऊ नकोस. आपल्या घरांत नर्सबद्दल जी अढी आहे, ती कामाच्या कष्टांची नाही. मैला उचलणारे हात कोणाचे, हे आपल्याकडे जन्मानं ठरत आलं, आणि ती गोष्ट शिक्षणानं पुसली गेली असं आपण नुसतं समजतो. माझ्या सख्ख्या आत्यानं वर्षभर नातेवाइकांना सांगितलं की मी 'हॉस्पिटलच्या ॲडमिन'ला आहे. त्या आत्याच १८९७ च्या प्लेगात आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता गेलेल्या सावित्रीबाईंच्या फोटोला दर जानेवारीत हार घालतात. मी वाद घातला नाही. तूही घालू नकोस, वेळ जातो.

पण स्वतःला मात्र हा प्रश्न खरेपणानं विचार, कारण 'मला घाणीचं काही वाटत नाही' असं सगळ्याच म्हणतात. इथलं भांडं पुठ्ठ्याच्या लगद्याचं असतं. वापरलं की झाकून स्लूस म्हणजे घाणखोलीत न्यायचं, मोजायचं असेल तर मोजायचं आणि यंत्रात टाकून द्यायचं. धुवायचं नसतं. पण टाकण्याआधी बघायचं असतं, आणि शौचाचा प्रकार एक ते सात आकड्यांत लिहायचा असतो. मला पहिल्या आठवड्यात दोनदा ओकारी आली. तिसऱ्या आठवड्यात मी दुसरीला विचारत होते, 'हे सहा म्हणू की सात?' काहींचं तिसऱ्या आठवड्यात तसं होत नाही. त्यात कमीपणा नाही, पण ते कळायला पगारी नोकरी बरी की डोक्यावर कर्ज घेऊन घेतलेली डिग्री बरी, हे तूच ठरव.

मृत्यूही तिथेच भेटतो. ॲडल्ट वॉर्ड म्हणजे बहुतकरून म्हातारी माणसं. माझ्या पहिल्या प्लेसमेंटला एक आजोबा पहाटे गेले. माझ्याबरोबरच्या असिस्टंट बाईनं, पंचवीस वर्षं त्याच वॉर्डात काढलेली बाई, आधी जाऊन खिडकी उघडली. का, ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मग आम्ही त्यांना पुसून घेतलं आणि ती सारखी त्यांच्याशी बोलत होती. 'आता जरा कुशीवर वळवते हं. पाणी गार नाही ना?' मी टॉवेल धरून उभी. घरी असते तर तुळशीचं पान शोधलं असतं. त्यानंतर मी बाथरूममध्ये जाऊन रडले आणि बाहेर येऊन चार नंबरच्या बाईंना टोस्ट नेऊन दिला, कारण नाश्त्याची वेळ झाली होती.

आता पैसे आणि कागद. हे भराभर सांगते, कारण हे शोधून मिळतं.

आयएलआर आहे आणि तीन वर्षांहून जास्त काळ इथे राहतेस, तेव्हा फी इथल्या विद्यार्थ्यांची लागेल आणि स्टुडंट लोनही मिळेल. आधीची डिग्री आहे म्हणून कर्ज नाकारतात असं कोणी सांगेल, पण नर्सिंगला ती अट लागू नाही. फी २०२५-२६ साठी वर्षाला ९,५३५ पौंड. राहणीखर्चाचं कर्ज मात्र नवऱ्याच्या पगारावर ठरतं, त्यात फार काही मिळेल असं धरू नकोस. २०१७ साली इंग्लंडनं नर्सिंगची जुनी बर्सरी, म्हणजे विद्यावेतन, बंद केली. २०२० पासून वर्षाला ५,००० पौंडांचं अनुदान सुरू झालं, ते परत करावं लागत नाही. मी बरोबर त्या दोन्हींच्या मधल्या खड्ड्यात पडले आणि पहिली दोन वर्षं कोरडी काढली. तू पडणार नाहीस. पंधराच्या आतलं मूल असेल तर वर्षाला आणखी २,०००. दोन मुलं आहेत म्हणून दुप्पट मात्र नाही. प्लेसमेंटचा जास्तीचा प्रवासखर्चही मागता येतो. पावत्या जपून ठेव, मी आळसापायी बरेच पैसे घालवले. (स्कॉटलंडला फी सरकार भरतं आणि १०,००० ची बर्सरी देतं. पण ती तिथे राहणाऱ्यांना, त्यामुळे नुसतं बघून हळहळायचं.)

कर्जाची धास्ती नवऱ्याला असेल तर हा हिशेब दाखव. नवी नर्स बँड पाच या पगारश्रेणीत लागते. २०२५-२६ ला तिथला सुरुवातीचा पगार ३१,०४९ पौंड. हप्ता २५,००० च्या वरच्या रकमेवर नऊ टक्के, म्हणजे महिन्याला पंचेचाळीस पौंडांच्या आसपास. चाळीस वर्षांनी उरलेलं माफ. तेव्हा तू शहाऐंशी-सत्त्याऐंशी वर्षांची असशील, पार्टी करू. खरा खड्डा कर्जाचा नाही, तीन वर्षं न येणाऱ्या पगाराचा आहे. आणि टेस्टिंगला तुला जे मिळत होतं, तिथे नर्सच्या पगारानं पोचायला बरीच वर्षं लागतील, कदाचित पोचणारही नाहीस. हे नवऱ्याला आजच सांग. चौथ्या वर्षी कळलं तर भांडण होईल.

पगार घेत शिकायचा मार्गही आहे. अप्रेंटिसशिपमध्ये हॉस्पिटल फी भरतं आणि तुला पगार देतं. वेळ साधारण चार वर्षं. त्या जागा थोड्या, आणि बहुतेक आधीपासून तिथे काम करणाऱ्या असिस्टंटांना मिळतात. मी शिफ्टा कर म्हणते त्याचं हेही एक कारण. पदवीधरांसाठी दोन वर्षांचं एमएस्सीही असतं. काही विद्यापीठांना कोणतीही पदवी चालते, काहींना आरोग्याशी संबंधितच लागते, आणि बऱ्याच ठिकाणी आधीच्या प्रत्यक्ष कामाचे तास दाखवावे लागतात. तुझ्या शिफ्टांचे तास तिथेही कामी येतात. पण दोन वर्षांत तीन वर्षांचं कोंबलेलं असतं. लहान मूल घरी असताना मी ते घेतलं नसतं.

अडचण तुझ्या दहावीची येऊ शकते. इथे गणित आणि इंग्रजी जीसीएसईचं (इथली दहावी म्हण) चौथ्या श्रेणीचं लागतं. मराठी माध्यमाच्या गुणपत्रिकेवरचं इंग्रजी एक विद्यापीठ धरतं, दुसरं धरत नाही. शिवाय बरीच विद्यापीठं गेल्या तीन-पाच वर्षांत काही शिकल्याचा पुरावा मागतात. तुझं इंजिनिअरिंग त्यांच्या दृष्टीनं शिळं. प्रत्येक विद्यापीठाला आत्ताच ईमेल कर, उत्तर लेखी घे. लागलंच तर जीसीएसईऐवजी चालणारी फंक्शनल स्किल्स लेव्हल टू परीक्षा काही आठवड्यांत होते, आणि डिग्रीच्या तयारीचा वर्षभराचा ॲक्सेस कोर्स आहेच. त्या कोर्सचं कर्ज पुढे डिग्री पूर्ण केली की माफ होतं. आणि यूट्यूबवर केरळच्या सिस्टरांचे ओईटी, ऑस्की वगैरे परीक्षांचे जे व्हिडिओ बघत बसली असशील, ते बंद कर. ती वाट तिकडून नर्स होऊन येणाऱ्यांची. तुझी निराळी.

गणिताची मात्र तयारी ठेव. औषधांच्या हिशेबाच्या परीक्षेत शंभरपैकी शंभरच लागतात, नव्व्याण्णवला नापास. गणित अवघड नसतं. पन्नास मिलिग्रॅम दोन मिलिलिटरमध्ये आहे, पंच्याहत्तर द्यायचंय, किती ओढशील? तीन. इतकंच. पण ते तू रात्री चारला, मागे बेल वाजत असताना, दुसऱ्यांदा तपासशील का, हे त्यांना बघायचं असतं.

कोण घेईल, हे विचारलंस. दोन वर्षांपूर्वी मी बेधडक म्हटलं असतं, हातोहात घेतील. २०२५ मध्ये पास झालेल्या मुलींना जागा मिळेनात, इतकी की सरकारला ऑगस्टमध्ये नव्या पदवीधर नर्सांना नोकरीची हमी देणारी 'ग्रॅज्युएट गॅरंटी' जाहीर करावी लागली. नर्स कमी आहेत हे खरं, आणि हॉस्पिटलांकडे जागा भरायला पैसे नाहीत हेही खरं. तू पास होशील तेव्हा वारा कुठल्या बाजूला असेल, त्यावर मी पैज लावणार नाही. सेहेचाळिशीचं म्हणशील तर पुढे पेन्शनच्या वयापर्यंत, म्हणजे अडुसष्टपर्यंत, बावीस वर्षं आहेत. वॉर्डाच्या मॅनेजरला बाविशीच्या मुलीकडून तेवढी वर्षं मिळायची खात्री कुठे असते?

आणखी एक विचार. इथे प्रवेशालाच शाखा निवडावी लागते. ॲडल्ट, मुलांचं, मानसिक आरोग्य, आणि लर्निंग डिसॅबिलिटी. तू ॲडल्ट निवडलंस कारण तू तोच वॉर्ड पाहिलास. पत्रात मात्र तू ऑपरेशनबद्दल एक ओळ लिहिलीस आणि घाबरलेल्या बाईला रात्री शांत करण्याबद्दल तीन. एखादी शिफ्ट मानसिक आरोग्याच्या वॉर्डातही कर. कदाचित मी उगाच खोलात जातेय.

बँकेत नाव घालताना डीबीएस म्हणजे पोलिसतपासणी आणि लशींचे कागद लागतील. गोवर आणि हेपॅटायटिस बी घेतल्याचे भारतातले कागद आईकडे असतील तर आत्ताच फोटो मागव. कोपराखाली हात मोकळे लागतात. बांगड्या नाहीत, घड्याळ नाही, एक साधी अंगठी चालते. मंगळसूत्र घरी. यावरही व्हिडिओ कॉल येईल. तेव्हा सासूबाईंना एवढं सांग की इकडे प्रत्येक नर्सला सिस्टर म्हणत नाहीत. सिस्टर म्हणजे वॉर्डाची प्रमुख, गडद निळ्या कपड्यातली, जिला डॉक्टरसुद्धा विचारून खाट मागतात. त्यांची सून तिथे पोचेल की नाही ते बघू.

बूट नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे घे. दहाव्या तासानंतर पाय सुजतात.